जुने नेटवर्क कार्ड: जावक चालू, आवक बंद

आयएसए स्लॉटमधील (जुन्या पीसीतील विस्तार कार्डांच्या खाचेतील) जुने ईथरनेट कार्ड आजच्या राउटरला जोडल्यावर एक तक्रार पुन्हा पुन्हा समोर येते. कार्डावरचा दिवा लागतो, स्विचवरचाही लागतो, डॉसमधील पॅकेट ड्रायव्हर (नेटवर्क कार्ड चालवणारा लहान प्रोग्राम) काहीही कुरकुर न करता लोड होतो आणि कार्डाचा मॅक पत्ताही (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) पडद्यावर नीट दाखवतो. मात्र राउटरकडून नेटवर्कवरचा पत्ता मागणारा डीएचसीपीचा प्रोग्राम चालवला की तो काही वेळ वाट पाहतो आणि उत्तर आले नाही असे सांगून थांबतो. केबल बदलली, स्लॉट बदलला, कार्डाचे सोनेरी संपर्क खोडरबराने घासले, की कधीकधी सर्व सुरळीत चालू लागते. मग काही आठवड्यांनी, कोणीही काहीही न बदलता, तोच दोष परत येतो.

माझ्या एका पेंटियम संगणकात हा प्रकार तीन वेळा घडला आणि तिन्ही वेळा मी केबललाच दोष दिला. केबल निर्दोष होती. चूक माझ्या अनुमानाची होती, कारण जी चिन्हे मी जोडणी झाल्याचा पुरावा मानत होतो, त्यांतील प्रत्येक चिन्ह प्रत्यक्षात फार थोडे सिद्ध करत होते.

दिवा आणि मॅक पत्ता काय सांगतात

टेन-बेस-टी पद्धतीचे कार्ड दुसऱ्या टोकाला आपण जिवंत आहोत हे कळवण्यासाठी साधारणपणे दर १६ मिलिसेकंदांनी एक लहान विद्युत स्पंद पाठवते. असे स्पंद समोरून येत असले की दिवा लागतो. या देवाणघेवाणीत संगणकाच्या प्रोसेसरचा किंवा ड्रायव्हरचा काहीही सहभाग नसतो. कार्डाला स्लॉटमधून वीज मिळाली की ते हे काम स्वतःच करू लागते. म्हणून दिव्यावरून केबलच्या दोन जोड्या आणि कार्डाचा बाहेरचा भाग शाबूत आहेत एवढेच कळते, संगणक आणि कार्ड यांच्यात बोलणे होते की नाही हे कळत नाही.

मॅक पत्ता दिसणे हे त्यापुढचे पाऊल असले, तरी तेही अपुरेच आहे. तो वाचण्यासाठी ड्रायव्हर कार्डाच्या इनपुट-आउटपुट पत्त्यावर जातो, म्हणजे पत्ता बरोबर दिला आहे हे त्यातून सिद्ध होते. इंटरप्टची, म्हणजे कार्डाने प्रोसेसरला हाक मारण्याची, ओळ बरोबर आहे की नाही हे मात्र त्यातून कळत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. एनई२००० या नकला झालेल्या जुन्या जातीच्या कार्डावर पॅकेट पाठवताना ड्रायव्हर स्वतःहून पोर्टमार्फत कार्डाच्या स्मृतीत मजकूर भरतो आणि पाठवण्याचा आदेश देतो. त्यासाठी कार्डाने संगणकाला हाक मारण्याची गरज नसते. पॅकेट बाहेरून आले की परिस्थिती उलट होते. कार्डाने इंटरप्टची ओळ हलवून प्रोसेसरचे लक्ष वेधावे लागते, आणि ती हाक जर ड्रायव्हर ऐकत असलेल्या क्रमांकावर पोहोचली नाही, तर आलेली पॅकेटे कार्डाच्या १६ किलोबाइटच्या स्मृतीत पडून राहतात. असा संगणक बोलू शकतो, पण ऐकू शकत नाही.

हे पडताळून पाहणे अवघड नाही. क्रिन्वर संग्रहातील पॅकेट ड्रायव्हरांबरोबर पीकेटीस्टॅट नावाचा एक लहान प्रोग्राम मिळतो, जो ड्रायव्हरची आवक-जावक मोजून दाखवतो. डीएचसीपीचा प्रयत्न फसल्यावर तो चालवावा. जावक वाढली आहे आणि आवक शून्य आहे, असे दिसल्यास संशयाची सुई इंटरप्टकडे वळते. खात्रीसाठी त्याच नेटवर्कवरील एखाद्या आधुनिक संगणकावर टीसीपीडम्प किंवा वायरशार्क चालू करून ६७ आणि ६८ या पोर्टांवरची वाहतूक पाहावी. जुन्या संगणकाची डीएचसीपी मागणी सर्वांना उद्देशून प्रसारित होत असल्याने ती स्विचच्या कोणत्याही पोर्टावर दिसते. मागणी तेथवर पोहोचत असेल, तर केबल, स्विच, कार्डाचा पत्ता आणि कार्डाचा पाठवणारा भाग हे सर्व एका फटक्यात निर्दोष ठरतात. मला ही चाचणी आधी सुचली असती, तर केबलांना क्लिपा मारण्यात गेलेली एक अख्खी संध्याकाळ वाचली असती.

मागणीच बाहेर पडत नसेल, तर इंटरप्टकडे वळण्यापूर्वी ड्रायव्हरला दिलेले आकडे तपासावेत. क्रिन्वर ड्रायव्हरला आधी सॉफ्टवेअर इंटरप्ट (ज्या क्रमांकावरून इतर प्रोग्राम ड्रायव्हरला बोलावतात), मग हार्डवेअर इंटरप्ट (कार्डाची ओळ) आणि शेवटी इनपुट-आउटपुट पत्ता द्यावा लागतो, आणि हे आकडे सी भाषेच्या रीतीने वाचले जातात. आधी शून्य आणि एक्स लिहिले तरच आकडा हेक्साडेसिमल (सोळाच्या पायाचा) समजला जातो, अन्यथा तो दशमान असतो. पत्ता म्हणून नुसते ३०० लिहिणाऱ्याला हेक्साडेसिमल ३०० अपेक्षित असते, पण ड्रायव्हर दशमान ३०० समजून, म्हणजे हेक्साडेसिमल १२सी या पत्त्यावर कार्ड शोधत बसतो. उलट, इंटरप्ट १० साठी शून्य-एक्स-१० लिहिल्यास तो सोळा होतो, आणि अशा जुन्या पीसीमध्ये १६ क्रमांकाचा इंटरप्ट अस्तित्वातच नाही. येथून पुढे मी दिलेले सर्व इनपुट-आउटपुट पत्ते हेक्साडेसिमल आहेत.

इंटरप्ट कोणी पळवला

आयएसए बसवरील इंटरप्टच्या ओळी सामायिक वापरासाठी बनवलेल्या नाहीत. एका ओळीवर दोन उपकरणे बसली, तर एकाचा संकेत दुसऱ्याखाली दबतो. त्यामुळे आधी कोणती ओळ कोणाकडे आहे हे ठाऊक असणे आवश्यक आहे. दुसरी सिरियल पोर्ट ३ वर, पहिली ४ वर, फ्लॉपी ६ वर, पहिली प्रिंटर पोर्ट ७ वर आणि पहिली आयडीई (हार्ड डिस्कची) शृंखला १४ वर असते. ५ ही ओळ कागदोपत्री दुसऱ्या प्रिंटर पोर्टची असली, तरी व्यवहारात ती बहुधा साउंड कार्डाने बळकावलेली असते. मूळ एनई२००० वर जम्परने (कार्डावरच्या पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीने) निवडता येणारे इंटरप्ट २, ३, ४ आणि ५ एवढेच होते, म्हणून जुन्या मार्गदर्शिकांत ३ ची शिफारस जागोजागी दिसते. त्या शिफारशीने फार गोंधळ झाला आहे. दुसरी सिरियल पोर्ट नुसती शांत बसली असेल, तर कित्येक संगणकांवर ती ओळीला हातही लावत नाही आणि कार्ड उत्तम चालते. मग एखाद्या दिवशी त्या पोर्टला माऊस जोडून त्याचा ड्रायव्हर लोड केला की नेटवर्क त्या क्षणी बंद पडते. नेटवर्क आधी लोड केले की चालते आणि माऊस आधी केला की चालत नाही, अशी तऱ्हेवाईक लक्षणे दिसली, तर हाच प्रकार समजावा.

सोळा बिटांचा स्लॉट असलेल्या संगणकात कार्ड परवानगी देत असेल, तर १० किंवा ११ घ्यावा. या ओळी स्लॉटच्या मागच्या, आखूड भागातून जातात, त्यामुळे फक्त आठ बिटांचे स्लॉट असलेल्या एक्सटी वर्गाच्या संगणकात त्या मिळत नाहीत. तेथे २ ही ओळ बहुधा मोकळी असते. एटी या पुढच्या वर्गाच्या आणि त्यानंतरच्या संगणकांत स्लॉटमधील तीच जागा प्रत्यक्षात ९ ला जोडलेली आहे, म्हणून कार्डावर २ असे छापलेले असूनही ड्रायव्हर किंवा सेटअप ९ म्हणतो तेव्हा गोंधळून जाऊ नये.

आता माझ्या पेंटियमकडे येतो. त्यातील कार्ड जम्परने १० वर पक्के केलेले होते आणि पूर्वी कधीतरी मी बायोसच्या (संगणक सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरील प्रोग्रामच्या) सेटअपमध्ये जाऊन १० हा क्रमांक जुन्या आयएसए कार्डासाठी राखून ठेवला होता. अशा संगणकांत पीसीआय (आयएसएनंतरच्या पिढीचे) स्लॉटही असतात आणि त्यांतील कार्डांना इंटरप्ट वाटण्याचे काम बायोस दर वेळी नव्याने करते. जम्परवाल्या कार्डाला बायोसने विचारावे आणि त्याने उत्तर द्यावे, अशी कोणतीही सोय नाही. राखीव नोंद हीच त्याची एकमेव दाद. ती नोंद नसेल, तर बायोस १० मोकळा समजून एखाद्या पीसीआय कार्डाला देऊन टाकते आणि त्या ओळीची संकेत ओळखण्याची रीतही पीसीआयला सोयीची अशी बदलते. त्यानंतर आयएसए कार्डाने कितीही हाका मारल्या, तरी त्या पोहोचत नाहीत.

ती नोंद नाहीशी कशी होत होती? उत्तर लाजिरवाणे साधे होते: मदरबोर्डवरची बॅटरी संपत आली होती. संगणक रोज वापरात असताना, किंवा निदान मुख्य वीज चालू असताना, सेटिंग टिकून राहत असे. काही दिवस वीजजोडणीच काढून ठेवली की सेटअपची स्मृती पुसली जाई, सुरू होताना स्मृतीतील नोंदी जुळत नसल्याचा, चेकसमचा इशारा येई, आणि मी सवयीने एफ१ दाबून पुढे जाई. बायोस डिस्क आपोआप ओळखत असल्याने बाकी सर्व पूर्ववत चाले. कार्डाचे जम्पर जागच्या जागी, ड्रायव्हरच्या ओळी जागच्या जागी, त्यामुळे काहीच बदललेले नाही असे मी शपथेवर सांगितले असते. केबल बदलल्यावर संगणक चालू लागे याचेही कारण नंतर उमगले: केबलच्या निमित्ताने मी सेटअपमध्ये तारीख दुरुस्त करायला जाई आणि तेथे गेल्यावर इंटरप्टचे पानही नीट करून येई. श्रेय मात्र केबलला मिळे.

हा दोष पकडण्याची एक सोपी युक्ती आहे. पीसीआय असलेले बरेच संगणक सुरू होताना, डॉस येण्याच्या अगदी आधी, पीसीआय उपकरणांची यादी आणि त्यांचे इंटरप्ट क्षणभर दाखवतात. त्या क्षणी पॉझ कळ दाबून पडदा थांबवावा आणि आपल्या कार्डाचा क्रमांक त्या यादीत कोणाच्या नावापुढे आहे का ते पाहावे. असल्यास निदान झाले.

बॅटरी बदलताना ती कोणत्या जातीची आहे हे आधी पाहावे. नाण्याच्या आकाराची सीआर२०३२ असेल, तर प्रश्न मिनिटाभरात सुटतो. जुन्या बोर्डांवर सोल्डर केलेली पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती वयोमानाने पाझरते आणि तिचा अल्कधर्मी द्रव आजूबाजूची तांब्याची वाट खाऊन टाकतो, म्हणून नेटवर्कचे काय व्हायचे ते होवो, ती आधी काढावी, डाग व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लाने उदासीन करावा आणि जागा धुऊन पूर्ण कोरडी करावी. डॅलस डीएस१२८८७ सारख्या काळ्या ठोकळ्यात बॅटरी घड्याळाच्या चिपबरोबरच ओतीव आवरणात बंद असते, तेव्हा ठोकळाच बदलावा लागतो.

प्लग-अँड-प्ले कार्डांची वेगळी तऱ्हा

जम्पर नसलेल्या कार्डांत उलट गंमत होते. थ्रीकॉमच्या ईथरलिंक-३ मालिकेतील ३सी५०९बी किंवा रिअलटेक आरटीएल८०१९एएस चिप असलेली कार्डे आपले सेटिंग स्वतःच्या ईईप्रॉममध्ये (विजेशिवाय टिकणाऱ्या स्मृतीत) ठेवतात, त्यामुळे मदरबोर्डची बॅटरी मेली तरी त्यांचे सेटिंग पुसले जात नाही. मात्र कार्ड प्लग-अँड-प्ले स्थितीत असेल, तर ते बायोसच्या वाटपाप्रमाणे वागते, आणि आज एखादे नवे कार्ड शेजारी बसवले की कालचा इंटरप्ट आज त्याच्याकडे राहीलच असे नाही. डॉससाठी हे कार्ड वापरायचे असेल, तर निर्मात्याच्या संरचना प्रोग्रामने प्लग-अँड-प्ले बंद करून पत्ता आणि इंटरप्ट पक्के करावेत. ३सी५०९बी साठी हे काम ३सी५एक्स९सीएफजी करतो. हा प्रोग्राम स्मृती व्यवस्थापक किंवा इतर ड्रायव्हर लोड न करता, रिकाम्या बूट फ्लॉपीवरून चालवणे बरे. त्यानंतर बायोसमध्ये तोच इंटरप्ट राखून ठेवायला विसरू नये, नाहीतर वरची सगळी कथा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

त्याच प्रोग्राममध्ये माध्यमाची निवडही असते. जुन्या संयुक्त कार्डांवर आरजे-४५, गोल बीएनसी आणि पंधरा पिनांचा एयूआय असे दोन-तीन जोड असतात, आणि पूर्वीच्या मालकाने बीएनसी निवडून ठेवले असेल, तर आरजे-४५ मध्ये केबल घालूनही दिवा लागणार नाही. एनई२००० च्या जम्परवाल्या नकलांत हीच निवड जम्परांच्या एका ओळीने होते.

पत्त्यांची टक्कर

मॅक पत्ताच चुकीचा दिसत असेल, सर्व अक्षरे एफ येत असतील, किंवा कार्ड सापडतच नसेल, तर इंटरप्टचा विचार बाजूला ठेवून पत्त्याकडे पाहावे. एनई२००० ला सलग ३२ पत्ते लागतात, म्हणजे ३०० वर बसवलेले कार्ड ३१एफ पर्यंतची जागा व्यापते. लोक फक्त सुरुवातीचा आकडा पाहतात आणि येथेच फसतात. ३६० निवडले, तर कार्ड ३७एफ पर्यंत जाते आणि ३७८ वरच्या प्रिंटर पोर्टवर चढते. ३२० निवडले, तर ३३० वरचा एमपीयू-४०१ संगीत इंटरफेस मध्येच सापडतो. ३०० हा सर्वांत लोकप्रिय पत्ता असल्यानेच धोक्याचा आहे, कारण जुन्या संगणकांत हल्ली हौसेने बसवली जाणारी एक्सटी-आयडीई कार्डेही मुळात ३०० वरच येतात, आणि मग नेटवर्कचा ड्रायव्हर लोड करताच डिस्कच गडबडते. अशा संगणकात ३४० हा पत्ता बरा, मात्र तेथे एखादे स्कझी कार्ड बसलेले नाही याची खात्री करावी.

डब्ल्यूडी८००३ आणि त्याच्या वंशातील कार्डांचा प्रकार निराळा आहे. ती आपली स्मृती थेट प्रोसेसरच्या पत्त्यांत, बहुधा डी००० खंडात, उघडतात. डॉसच्या ईएमएम३८६ या स्मृती व्यवस्थापकाने त्याच जागेत वरची स्मृती तयार करून तेथे एखादा ड्रायव्हर चढवला असेल, तर पॅकेटे बिघडतात किंवा संगणक गोठतो. १६ किलोबाइटची खिडकी असल्यास डॉसच्या कॉन्फिग.सिस फाइलमध्ये ईएमएम३८६ च्या ओळीत डी००० ते डी३एफएफ हा भाग वगळावा.

केबल, वेग आणि डुप्लेक्स

केबलला मी अन्यायाने बदनाम केले असले, तरी तिचे आणि स्विचचे काही खरे दोषही आहेत. जुनी कार्डे सेकंदाला १० मेगाबिट वेगाने चालतात. नेहमीचे गिगाबिट स्विच सहसा हा वेग स्वीकारतात, पण २.५ किंवा १० गिगाबिटच्या कित्येक पोर्टांनी १० मेगाबिटचा आधार सोडून दिला आहे. तेथे दिवा लागतच नाही, आणि मधे एखादा जुना १०/१०० स्विच घालणे हाच सरळ उपाय आहे.

डुप्लेक्सचा, म्हणजे दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलायचे (फुल) की आळीपाळीने (हाफ) याचा, दोष अधिक फसवा असतो, कारण त्यात पत्ता मिळतो, पिंगही चालते, फक्त मोठी फाइल ओढायला घेतली की वेग रांगू लागतो. या कार्डांना स्वयंचलित वाटाघाट येत नाही. स्विच त्यांच्या साध्या स्पंदांवरून १० मेगाबिट आणि हाफ डुप्लेक्स ओळखतो, आणि ते बरोबरच असते. मात्र कोणी ३सी५०९बी च्या संरचनेत हौसेने फुल डुप्लेक्स चालू केले, किंवा व्यवस्थापनक्षम स्विचवर त्या पोर्टला सक्तीने फुल केले, तर एक बाजू केव्हाही बोलते आणि दुसरी त्याला टक्कर समजते. दोन्हीकडे हात न लावणे येथे शहाणपणाचे.

फक्त बीएनसी असलेल्या कार्डासाठी बीएनसी आणि आरजे-४५ दोन्ही असलेला जुना हब किंवा माध्यम परिवर्तक मधे लागतो. दोन उपकरणांत केवळ हातभर केबल असली, तरी दोन्ही टोकांना ५० ओमचे टर्मिनेटर आणि प्रत्येक कार्डाला टी-जोड हवाच. सर्व उपकरणे बंद करून केबलच्या मधल्या तारेपासून बाहेरच्या जाळीपर्यंत मल्टिमीटरने मोजावे: सुमारे २५ ओम आले तर दोन्ही टर्मिनेटर जागेवर आहेत, ५० आले तर एक गायब आहे. दूरचित्रवाणीची ७५ ओमची केबल दिसायला तशीच असते, ती वापरू नये.

पत्ता मिळाल्यावर

एमटीसीपी हा डॉससाठीच्या नेटवर्क प्रोग्रामांचा संच वापरत असल्यास एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी: त्याचा डीएचसीपी प्रोग्राम मिळालेला पत्ता संरचना फाइलमध्येच लिहून ठेवतो, म्हणून लेखनबंदी केलेल्या फ्लॉपीवरून चालवल्यास पत्ता मिळूनही पुढचे प्रोग्राम चालत नाहीत. त्याच फाइलमधील पॅकेट इंटरप्टचा आकडा ड्रायव्हरला दिलेल्या सॉफ्टवेअर इंटरप्टशी जुळला पाहिजे. कार्डाच्या हार्डवेअर इंटरप्टशी त्याचा संबंध नाही. एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटांत) मुळात ५७६ धरलेला असतो, तो घरच्या नेटवर्कवर १५०० केल्यास फाइली जलद येतात.

यापुढे जे अडते ते कार्डामुळे नव्हे. विंडोज ९५ ला आधुनिक संगणकाची सामायिक फोल्डरे उघडत नाहीत, कारण त्याला एसएमबी या फाइली सामायिक करण्याच्या पद्धतीची पहिलीच आवृत्ती कळते, आणि ती विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून आपोआप बसवली जात नाही, तर लिनक्ससारख्या प्रणालींवर हेच काम करणाऱ्या साम्बाने ४.११ मध्ये, म्हणजे २०१९ पासून, ती मुळातच बंद ठेवली आहे. जुने ब्राउझर बहुतेक संकेतस्थळे उघडत नाहीत, कारण टीएलएस या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीच्या १.० आणि १.१ आवृत्त्या २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाल्या आणि त्याआधीच्या तर केव्हाच. केवळ जुन्या संगणकासाठी मुख्य संगणकावर एसएमबी-१ पुन्हा चालू करणे मला पटत नाही. त्याऐवजी एमटीसीपीतील एफटीपी (फाइली देण्याघेण्याची जुनी पद्धत) सर्व्हर जुन्या संगणकावरच चालवावा आणि आधुनिक संगणकाने तेथून फाइली न्याव्यात किंवा तेथे ठेवाव्यात. जुन्या संगणकाला सांकेतिक भाषेचे एकही अक्षर कळण्याची गरज राहत नाही. एफटीपीचा पासवर्ड उघडा जातो, म्हणून राउटरवर या संगणकाकडे बाहेरून येणारी कोणतीही पोर्ट उघडू नये.

माझ्या पेंटियमला नवी बॅटरी घातल्यावर मी वीजजोडणी मुद्दाम पंधरा दिवस काढून ठेवली. परत सुरू केल्यावर चेकसमचा इशारा आला नाही, पॉझ करून पाहिलेल्या यादीत १० कोणाच्याही नावापुढे नव्हता, आणि पीकेटीस्टॅटने आवकीच्या रकान्यात पहिल्यांदाच न सांगता आकडा दाखवला.